जायकवाडी शून्य टक्के, तरी पाणी दिसतंय की! (लेकरांच्या वाचनाबद्दल)

बालाघाटी

राम राम मंडळी. बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेवर मी नववी-दहावीला इतिहास-भूगोल शिकवतो. माणसं कमी, म्हणून मराठीचाही एक वर्ग गळ्यात आहे. इथं वाचत बरीच वर्षं झाली, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

झालं असं. दुष्काळाच्या सालातलं एक जुनं कात्रण फळ्यावर चिकटवलं. मथळा होता, 'जायकवाडी शून्य टक्क्यांवर'. जायकवाडी म्हणजे पैठणचं धरण, त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर. यातून काय कळलं ते दोन ओळींत लिहा म्हणलं. ३४ पैकी ३३ जणांनी लिहिलं की धरण कोरडं पडलं. एक पोरगी उठून म्हणाली, "सर, माझं आजोळ पैठणचं. शून्य झालं त्या सालीबी नाथसागरात पाणी होतं. मामा मासे धरायचे." वर्ग हसला. आणि मी, सांगायला लाज वाटते, तिला म्हणलं, "पेपरात काय लिहिलंय ते वाच, मामाचं नको सांगू."

संध्याकाळी बसून पाहिलं तर पोरगी बरोबर होती. जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला उपयुक्त साठा २१७१. उरलेला ७३८ हा मृतसाठा, म्हणजे जवळजवळ २६ टीएमसी (अब्ज घनफूट). पेपरातली टक्केवारी नुसत्या उपयुक्त साठ्याची असते. शून्य टक्के म्हणजे दरवाजातून नेहमीसारखं सोडता येईल असं पाणी संपलं. तळ उघडा पडला असं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली.

पण तिला प्रश्न पडला तो पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणून. जे पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल वाचताना लेकरांना प्रश्न पडावा यासाठी काय करायचं? मी एक तक्ता करून भिंतीला लावला, 'चिकित्सक वाचनाचे पाच टप्पे'. लेखक कोण, हेतू काय, पुरावा काय वगैरे. आठ दिवसांत सगळ्यांनी तक्ता तोंडपाठ केला. चाचणीत पाचपैकी पाच मार्क. कात्रण पुढं ठेवलं की मात्र पुन्हा धरण कोरडंच.

एकच तक्ता सगळ्या विषयांना चालतो का, की माझंच काहीतरी चुकायलंय?

शेंगदाणा चटणी

तक्ताच पाठ केला, हे वाचून चहा सांडला. आमच्या घरी पण हेच. दहावीच्या इतिहासाचा पहिलाच धडा इतिहासलेखनाचा. कागदपत्रं तपासून घ्या, प्रश्न विचारा असं सांगणारा. आमच्या चिरंजीवांनी त्यातले 'रांके', 'हेगेल', 'फुको' जोड्या लावायला पाठ केले आणि धडा संपला. वाचते आहे.

जगात जर्मनी

परभणीकर आहे, नावावरून कळलं असेलच ('जगात जर्मनी, भारतात परभणी'). मी मास्तर नाही, कृषी शाखेचा पदवीधर आणि घरची शेती. त्यामुळं पुस्तकाचं नाही, पिशवीचं सांगतो.

सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो. त्यावर लिहिलेलं असतं, उगवणशक्ती किमान ७० टक्के. आमचे वडील हे वाचून म्हणायचे, "७० म्हणजे ७० उगवणार." गेल्या जूनमध्ये पुतणीला म्हणलं, चल, हा टॅग आपण वाचू. तिला विज्ञानाचा प्रकल्प करायचाच होता.

ओलं गोणपाट अंथरलं, त्यावर १० ओळींत १०-१० दाणे मांडले. वरून दुसरं ओलं गोणपाट, मग सुरळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उघडायचं. तर बाईसाहेबांनी पाचव्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं, 'निष्कर्ष: टॅगवरील माहिती सत्य आहे.' म्हणलं, अजून मोजलंच नाही, निष्कर्ष कुठून आणला? म्हणाली, "काका, प्रयोगाच्या वहीत असंच असतं. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष सत्य."

मोजले तर तिनं ७४ सांगितले. मी म्हणलं, यातला प्रत्येक कोंब उचलून बघ. काहींचं मूळ कुजलेलं, काहींची नुसती साल फुटलेली. ते काढल्यावर उरले ६३. मग खरा प्रश्न तिनंच काढला, "काका, कारखान्यानं मोजताना साल फुटलेले धरले असतील का?" टॅग पुन्हा हातात घेतला. त्यावर तपासणीची तारीख होती, बऱ्याच महिन्यांपूर्वीची. त्यानंतर पोतं कुठं, किती उष्णतेत, किती थराखाली पडून होतं ते टॅग सांगत नाही. सोयाबीनचं साल पातळ. पोतं दोनदा आपटलं तरी उगवण पडते. टॅगवर खोटं काही नव्हतं. तो एका दिवसाचा आणि प्रयोगशाळेतल्या ओलाव्याचा आकडा होता, एवढंच.

पेरताना हिशेब केला. एकरी ३० किलो हे ७० टक्के धरून आहे, म्हणून आम्ही ३३-३४ किलो टाकलं. तिच्या वहीत निष्कर्षाची ओळ खोडलेली आहे. बाईंनी लाल पेनानं 'खाडाखोड' म्हणून एक मार्क कापला, ते वेगळं.

उरलेला हातचा

वा! खाडाखोडीचा मार्क कापला हे फारच आवडलं.

लातूर पॅटर्न

थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. मी लातुरात 'नीट'च्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, क्लासला जीवशास्त्र शिकवतो. इथं जो उठतो तो म्हणतो, 'लातूर पॅटर्न म्हणजे रट्टा'. तुम्ही म्हणता ते वाचन आमची पोरं रोज करतात, फक्त त्याला असं भारी नाव देत नाहीत.

बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर उणे १. त्यामुळं एनसीईआरटीच्या पुस्तकाची एकेक ओळ आम्ही शब्दाशब्दानं फोडतो. 'सर्व धमन्यांतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतं' असं विधान दिलं की पोरगं 'सर्व' या शब्दावर थांबलं पाहिजे. फुप्फुस धमनी आठवली (तिच्यातून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त जातं) की विधान गेलं. 'सर्व', 'फक्त', 'नेहमी', 'बहुधा' या शब्दांना आमच्याकडं पेन्सिलीनं गोल करतात. आठवीपासून हे कोणी शिकवलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

दुसरं म्हणजे विधान आणि कारण. विधान: वटवाघूळ सस्तन प्राणी आहे. कारण: वटवाघूळ उडतं. दोन्ही वाक्यं खरी. पोरगं खुश होऊन 'दोन्ही बरोबर आणि कारण योग्य' असं ठोकतं. मी सांगतो, मधे 'कारण' घालून मोठ्यानं म्हण. 'वटवाघूळ सस्तन आहे, कारण ते उडतं.' स्वतःच हसतात. दोन खरी वाक्यं शेजारी उभी केली म्हणून त्यांचं लग्न लागत नाही.

तर पाठांतराला शिव्या घालण्याआधी हे बघा. ज्याला फुप्फुस धमनी पाठ नाही, तो 'सर्व'वर थांबणार कसा?

बालाघाटी

राग कसला, उलट पटलं. माझ्या पोरीलाही आजोळ पाठ होतं म्हणूनच ती थांबली. आतून काही माहीत नसेल तर नुसता 'प्रश्न विचारा' म्हणून प्रश्न कुठून येणार? 'कारण' घालून मोठ्यानं म्हणायची युक्ती उद्याच वापरतो.

पण एक शंका. तुमची पोरं एनसीईआरटीच्या शब्दांना गोल करतात, पण एनसीईआरटीच चुकली असेल असं धरून वाचतात का?

लातूर पॅटर्न

नाही. परीक्षेत एनसीईआरटी हाच देव. एवढं मान्य.

गोदाकाठची

मग इतिहासात यायलाच पाहिजे, कारण तिथं देव बदलत राहतात. मी नांदेडची, इतिहासाची प्राध्यापक होते, आता निवृत्त.

पदवीच्या पहिल्या वर्षाला मी एकच तास असा घ्यायची. फळ्यावर चार नावं लिहायची: हैदराबाद मुक्तिसंग्राम, पोलीस अ‍ॅक्शन, ऑपरेशन पोलो, विलीनीकरण. मग विचारायची, या चार घटना कोणकोणत्या? मुलं प्रामाणिकपणे चार वेगवेगळी उत्तरं द्यायची. बहुतेकांच्या ध्यानातच यायचं नाही की चारही नावं सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याभोवती फिरतात.

मग एकेक नाव सोलायचं. 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात, पण १३ सप्टेंबरला सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेनं आलं ते भारतीय सैन्य होतं, रणगाड्यांसकट. त्याचे सेनानी मेजर जनरल चौधरी काही फौजदार नव्हते. मग नाव पोलिसांचं का? ऑगस्टमध्ये निजाम सरकारनं आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली होती. दोन देशांचं युद्ध म्हणलं तर जगाला बोलायला जागा, घरातला बंदोबस्त म्हणलं तर नाही. एका शब्दात एवढं राजकारण. 'ऑपरेशन पोलो' हे सैन्याच्या कागदावरचं नाव. 'विलीनीकरण' सरकारी दप्तरातलं. 'मुक्तिसंग्राम' म्हणणारा माणूस १७ सप्टेंबरच्या आधीची वर्षं मोजतो: स्वामी रामानंद तीर्थ, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, सरहद्दीवरचे कॅम्प. सैन्याचे ते पाच दिवस त्याच्या लेखी शेवटचं पान.

एका वर्षी एका विद्यार्थिनीनं हात वर केला. म्हणाली, "मॅडम, माझी नानी यातलं एकही नाव घेत नाही. ती नुसतं 'वो साल' म्हणते." वर्ग गप्प झाला. मी पुढचा सगळा तास तिला बोलू दिलं. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, काय केलं हे आमच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं, ते पाहायला सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती आणि तिचा अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला, हे पुस्तकात नसतं. हे ऐकून कोणाचा मुक्तिसंग्राम लहान होत नाही. पण पाचवं नाव ऐकल्यावर पहिली चार नावं तुम्ही वेगळी वाचता.

एक वाचक

नेहमीप्रमाणे धागा राजकारणाकडं वळायलाय. इतिहास उकरून लेकरांचं काय भलं होणार?

गोदाकाठची

उकरत नाही हो, वाचते.

पाटी पेन्सिल

तुमचं सगळं छान. पण सिलॅबस कोण संपवणार? आठ तास, त्यात बीएलओची (मतदार यादीची) कामं, पोषण आहाराचा हिशेब, रोज एक लिंक भरायची. आणि पुस्तकात पेन्सिलीनं गोल करायचं म्हणता, तर आमचे मुख्याध्यापक ओरडतात. मोफत मिळालेली पुस्तकं, वर्षाअखेरी परत जमा करून पुढच्यांना द्यायची, त्यावर रेघ चालत नाही. मधे २०२३-२४ ला पुस्तकांत कोरी पानं घातली होती. ती बरी पडायची, तर तो निर्णयच मागे घेतला.

उरलेला हातचा

पाटी पेन्सिल, जागेचा प्रश्न खरा आहे. मी वहीच्या उजव्या पानावर गणित आणि डावं पान 'काहून?'साठी कोरं ठेवायला सांगतो. फुकट आहे.

गणितवाले म्हणतात, आमच्यात कसलं आलंय चिकित्सक वाचन, आमचं सगळं सिद्धच. एक उदाहरण देतो. एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. मथळे काय होते आठवा: 'लातूरला पाच लाख लिटर पाणी'. टीव्हीवर इंजिनाला हार घातलेले. माझे विद्यार्थी टाळ्या वाजवत होते. म्हणलं, भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३,८२,९४०. पाच लाख भागिले तेवढे.

१.३ लिटर. माणशी दीड तांब्यासुद्धा नाही.

पुढं वाघिणी ५० झाल्या, २५ लाख लिटर. माणशी साडेसहा. म्हणजे एक कळशी भरत नाही. गाडी आणणाऱ्यांची मेहनत खोटी नव्हती, गरज त्याहून खरी होती. पण 'लाख' ऐकलं की 'कितीत?' विचारायचं, एवढं पोरांच्या हाताला लागलं. आता पीक विम्याची बातमी आली, 'अमुक कोटी मंजूर', की भागाकार करून आणतात. माणशी आकडा बघून घरचे चिडतात, पोरांवर नाही.

प्राज्ञ

एम.एड. करताना वाचलेलं आठवलं. अमेरिकेत सॅम वाइनबर्ग यांनी आठ इतिहासकार आणि आठ शाळकरी मुलांना एकाच लढाईची तीच कागदपत्रं वाचायला दिली आणि वाचता वाचता मोठ्यानं विचार करायला सांगितलं. १९९१ मध्ये तो अभ्यास छापून आला. मुलं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ वाचत गेली. इतिहासकारांनी आधी खाली, लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख बघितली, मग मजकूर. गंमत म्हणजे त्यातल्या काही इतिहासकारांचा तो काळ अभ्यासाचाच नव्हता. लढाईची सनावळी काही मुलांना जास्त पाठ होती.

म्हणजे लातूर पॅटर्न यांचं अर्धंच बरोबर. माहिती हवी, पण ती पुरत नाही.

किल्लारी९३

इथं औशाचं कोणी आहे का? आमच्या भूगोलाच्या सरांनी एकदा दोन पुस्तकं शेजारी ठेवली. एकात ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२, दुसऱ्यात ६.४. कुठलं चूक, असं विचारलं. आम्ही भांडलो. नंतर कळलं, दोन्ही बरोबर. मोजायच्या श्रेणी वेगळ्या, आकडा वेगळा.

दुसरं वाक्य सरांनी फळ्यावर लिहिलं, 'भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले.' आणि विचारलं, कशाखाली पडले? माझी आजी दगड-मातीच्या दोन हाती भिंतीखाली गेली. वर मातीचं माळवद. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळी घरात झोपलेली. भूकंपाचं वाक्य वाचताना भिंत दिसली पाहिजे, असं सर म्हणायचे. जास्त लिहीत नाही.

अनुस्वार

किल्लारी९३, नमस्कार.

तुमच्या सरांच्या 'कशाखाली?' वरून मराठीच्या तासाचं सांगते. प्रयोग शिकवताना कर्तरी-कर्मणी-भावे हे तीन मार्कांचं प्रकरण असतं. मी गारपिटीची बातमी दिली आणि सांगितलं, 'करण्यात येईल', 'देण्यात आले' असं जिथं दिसेल तिथं 'कोणी?' लिहा. एका बातमीत ११ सापडले. पंचनामे करण्यात येतील. कोणी? मदत देण्यात येईल. कोणी? निर्देश देण्यात आले. कोणी, कोणाला? 'तलाठ्याकडून' मधलं 'कडून' गायब केलं की माणूसच गायब होतो. मराठीत किती सोयीनं गायब होतो बघा! तसंच 'समजते', 'बोलले जाते', 'सूत्रांनी सांगितले'. व्याकरणाचा एवढा उपयोग माझ्या स्वतःच्या ध्यानात वयाच्या चाळिशीत आला.

त्यानंतर प्रयोग कोणाचेच चुकले नाहीत. पाटी पेन्सिल, सिलॅबसमधलंच आहे हे, वेगळा तास लागला नाही.

पैठणी नव्हे पैठणकर

धागा आमच्या धरणापासून सुरू झाला म्हणून दोन शब्द. हे सगळं बाहेरून आलेलं आहे असं समजू नका. नाथांनी, म्हणजे संत एकनाथांनी, पैठणात बसून, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, ताडून शुद्ध प्रत केली. लिहिणाऱ्यांनी तीनशे वर्षांत काय घुसडलं, काय गाळलं ते शोधत. ज्या ग्रंथापुढं माथा टेकवायचा त्याचेच पाठभेद तपासले. 'एनसीईआरटी हाच देव' वाचून आठवलं.

अवांतर: मृतसाठ्यातूनही आमच्याकडं गरजेला पंप लावून पाणी उपसतात. त्यामुळं 'मृतसाठा वापरता येत नाही' असं कोणी म्हणलं तर तेसुद्धा पूर्ण खरं नाही.

लातूर पॅटर्न

नाथांनी पकडलं मला. सहमत.

बालाघाटी

तीन आठवडे गावी नव्हतो, उशिरा लिहितोय.

तक्ता काढला भिंतीवरून. त्या जागी काही लावलं नाही. डाव्या पानावर 'काहून?' सुरू केलंय, ११ जण मनापासून लिहितात, बाकीचे माझ्याकडं बघून. वटवाघळाची युक्ती भलतीच चालली. भूगोलात एकानं लिहिलं होतं, 'मराठवाड्यात दुष्काळ पडतो कारण इथं ऊस जास्त आहे', दुसऱ्यानं थोडं वेगळं, 'ऊस आहे म्हणून पाणी कमी पडतं'. दोघंही मोठ्यानं म्हणत राहिले आणि मग दोघांनाही कळलं की दुष्काळ आणि पाणी कमी पडणं या दोन गोष्टी आहेत. मला त्यात काही बोलावं लागलं नाही.

आता मूळ पोरीचं. जायकवाडीचे तीनही आकडे मी फळ्यावर लिहिले होते, तुम्हाला लिहिले तेच. ती म्हणाली, "सर, हे ७३८ कधी मोजलेलं? मामा म्हणतात गाळ लई साचलाय. गाळ तर तळालाच बसणार, मग मृतसाठा अजून तेवढाच कसा?" धरण १९७६ चं. आकडा आराखड्यातला. इथं छाती फुगवून दिलेला आकडा मी तिच्यासारखा वाचलाच नव्हता.

पाटबंधारे खात्याला अर्ज करायचं ठरलं. औपचारिक पत्र अभ्यासक्रमात आहेच, दोन्ही कामं झाली. सगळ्यांना मसुदा सांगत होतो, सवयीनं तोंडून गेलं, "...तरी गाळाच्या शेवटच्या मोजणीची माहिती देण्यात यावी."

मागच्या बाकावरून दोन-तीन आवाज एकदमच आले, "सर, कोणी?"

शेंगदाणा चटणी

खात्याचं उत्तर आलं की इथंच टाका. तोवर अधूनमधून धागा वर काढत राहते.